बरा झाला, म्हणजे नेमकं काय झालं?

एमएच्या प्रबंधासाठी मी आपल्याच राज्यातल्या एका डोंगराळ तालुक्यात कुपोषित मुलांच्या नोंदवह्या उतरवून घेत होते. प्रत्येक मुलाची एक ओळ. नाव, पाडा, वजन, उंची, दंडाचा घेर, आणि सगळ्यात शेवटी ‘निकाल’. त्या रकान्यात चारपैकी एक नोंद असायची : बरा झाला, मृत्यू, मधेच सोडलं, सुधारणा नाही. मी एक्सेलमध्ये त्यांचे १, २, ३, ४ करत चालले होते. तिसऱ्या दिवशी एक नाव ओळखीचं वाटलं. मागे जाऊन पाहिलं, तर तेच मूल, त्याच पाड्यावरचं, सात महिन्यांपूर्वी ‘बरं’ होऊन गेलेलं. आता नव्याने दाखल, आणि काही आठवड्यांनी पुन्हा ‘बरं’. माझ्या तक्त्यात त्याच्या दोन ओळी होत्या आणि दोन्हींसमोर १ लिहिलेला. एक मूल, दोन यशं.

गाईडना विचारलं तर त्या म्हणाल्या, डुप्लिकेट आहे, काढून टाक. मी काढलं. कोणती ओळ काढायची हे काही कुणी सांगितलं नव्हतं. मी दुसरी काढली. तक्ता स्वच्छ झाला, प्रबंध पास झाला, आणि ते मूल माझ्या लेखी कायमचं बरं झालं.

आता पीएच.डी.साठी जगभरातल्या मदतकार्याचे अभ्यास वाचताना ती काढलेली ओळ सारखी आठवते. म्हणून आज मुलांना वाचवण्याच्या कामातल्या सगळ्यात गाजलेल्या गोष्टीकडे, म्हणजे शेंगदाण्याच्या त्या पाकिटाकडे, जरा चिकित्सक नजरेने बघूया. आधीच सांगते, मी पाकिटाच्या विरोधात नाही. माझं भांडण त्या शेवटच्या रकान्याशी आहे.

पाकिटाच्या आधी

अतितीव्र कुपोषण, ज्याला आपल्याकडे अंगणवाडीतही ‘सॅम’ म्हणतात, त्यावर १९९० च्या दशकात उपचार होते, नाही असं नाही. एफ-७५ आणि एफ-१०० नावाची खास दुधं होती. नावातला आकडा म्हणजे १०० मिलिलिटरमागे मिळणाऱ्या कॅलरी. दूध उत्तम होतं, पण ते पावडर स्वरूपात यायचं आणि स्वच्छ पाण्यात कालवावं लागायचं. दुष्काळात किंवा युद्धात स्वच्छ पाणी आणायचं कुठून? कालवलेलं दूध उन्हात तासाभरात नासायला लागतं. म्हणून मुलाला केंद्रात भरती करायचं, आणि आईने त्याच्यासोबत तीन-चार आठवडे तिथे राहायचं.

आता त्या आईच्या जागी स्वतःला ठेवून बघा. घरी आणखी तीन मुलं, पेरणीचे दिवस, केंद्र एका दिवसाच्या चालीवर. ती येणारच नाही, किंवा आली तरी आठवड्यात निघून जाईल. शिवाय तंबूत दाटीवाटीने ठेवलेल्या अशक्त मुलांमध्ये जुलाब आणि गोवर पसरायला कितीसा वेळ लागतो? उपचार चांगला असूनही तो थोड्याच मुलांपर्यंत पोचत होता.

फ्रेंच बालपोषणतज्ज्ञ आंद्रे ब्रियां यांनी नुट्रिसेट या कंपनीच्या मिशेल लेस्कान यांच्यासोबत यावर जो तोडगा काढला तो अगदी घरगुती वाटावा असा आहे. एफ-१०० मधली काही दूधपावडर काढून त्याजागी शेंगदाण्याची पेस्ट घातली. बाकी साखर, तेल, जीवनसत्त्वं आणि खनिजं. न्युटेलाच्या बरणीवरून हे सुचलं अशी गोष्ट सांगितली जाते. मुद्दा असा की त्यात पाणीच नाही, त्यामुळे जंतू वाढत नाहीत. शिजवायचं नाही, कालवायचं नाही, फ्रीज नको. ९२ ग्रॅमचं पाकीट, ५०० कॅलरी. कोपरा फाडला की मूल स्वतः चोखून खातं. कंपनीने नाव ठेवलं प्लम्पीनट. अशा सगळ्या पदार्थांचं शास्त्रीय नाव लांबलचक आहे, त्याचं लघुरूप आरयूटीएफ.

खरी उलथापालथ पाकिटाने जेवढी केली तेवढीच त्याच्यामुळे शक्य झालेल्या पद्धतीने केली. स्टीव्ह कॉलिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतर इथिओपिया, मलावी, सुदान इथे असं मांडलं की ज्या मुलाला भूक लागते आणि ज्याला इतर गंभीर आजार नाही, त्याला भरती करायचंच कशाला? आठवड्याची पाकिटं द्या, घरी पाठवा, दर आठवड्याला तपासा. २००१ ते २००५ या काळातल्या २१ कार्यक्रमांचा त्यांनी दिलेला हिशेब असा : २३ हजारांहून जास्त मुलं, ७९ टक्के बरी, ४ टक्के मृत्यू. २००५ साली नायजरमध्ये अन्नसंकट आलं तेव्हा ‘मेद्सां सां फ्राँतिये’ या डॉक्टरांच्या संघटनेने एका वर्षात ६० हजारांहून जास्त अतितीव्र कुपोषित मुलांवर उपचार केले. जुन्या भरतीच्या पद्धतीने हे कल्पनेतही शक्य नव्हतं. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक अन्न कार्यक्रम यांनी संयुक्त निवेदन काढून या पद्धतीवर शिक्कामोर्तब केलं.

इतका स्वस्त, सोपा आणि परिणामकारक उपाय मदतकार्याच्या इतिहासात क्वचितच सापडतो. एका मुलाच्या पूर्ण उपचाराला साधारण १५० पाकिटांचा एक खोका लागतो. हे मी मनापासून लिहितेय. पुढची टीका वाचताना हे विसरू नका.

चार रकाने

आता त्या ७९ टक्क्यांकडे या. हा आकडा कसा तयार होतो?

मदतकार्याचं एक जगन्मान्य मापदंडांचं पुस्तक आहे, ‘स्फिअर’ नावाचं. त्यात अशा कार्यक्रमांसाठी तीन रेषा आखून दिल्यात. बरे झालेले ७५ टक्क्यांहून जास्त, मृत्यू १० टक्क्यांहून कमी, मधेच सोडून गेलेले १५ टक्क्यांहून कमी. या रेषा पार केल्या की कार्यक्रम चांगला. देणगीदारांचे अहवाल, पुढच्या वर्षीचा निधी, बरंच काही यावर ठरतं.

या टक्केवारीचा छेद कोणता आहे ते बघा. कार्यक्रमातून बाहेर पडलेली मुलं. गावात कुपोषित असूनही जी कधी आलीच नाहीत, ती मुलं वरही नाहीत आणि खालीही नाहीत. कॉलिन्स यांच्या गटाने निदान हा प्रश्न गंभीरपणे घेतला आणि गरजूंपैकी कितीजणांपर्यंत आपण पोचलो हे वेगळं मोजायला सुरुवात केली, त्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पण दुसरी मर्यादा तशीच राहिली. मूल बाहेर पडलं की हिशेब बंद.

आणि ‘बरं’ म्हणजे काय? दंडाच्या पट्टीवर ११५ मिलिमीटरच्या खाली असेल तर मूल सॅम, पट्टीचा लाल भाग. १२५ ला पोचलं की ते हिरव्यात येतं आणि सलग दोन आठवडे सूज वगैरे नसेल तर त्याला सुट्टी देता येते. म्हणजे आजारी आणि बरं यांच्यामध्ये दंडावरचा एक सेंटिमीटर. १२५ चं मूल हे धष्टपुष्ट मूल नव्हे बरं का. ते पिवळ्या आणि हिरव्या रंगाच्या सीमेवर उभं असलेलं मूल आहे. एकदा आठवडाभर जुलाब झाले की पुन्हा पिवळ्यात.

वैद्यकीय दृष्टीने ही रेषा चुकीची नाही. कुठेतरी ती आखावीच लागते आणि पाकिटंही मोजकीच असतात. चूक पुढे होते. ‘उपचार थांबवण्याइतपत सुधारणा’ या अर्थाचा कार्यक्रमाचा शब्द अहवालात जाताना ‘बरा’ होतो, देणगीच्या पत्रकात जाताना ‘वाचवलेलं आयुष्य’ होतो. दंडाचा घेर तोच, शब्द मात्र दर टप्प्यावर फुगत जातो.

सुट्टी झाल्यानंतर

सुट्टी झालेल्या मुलांच्या मागे जाणारे अभ्यास आहेत, पण उपचाराच्या अभ्यासांच्या मानाने फारच थोडे. कारण उघड आहे. केंद्रात मूल तुमच्याकडे येतं, नंतर तुम्हाला मुलाकडे जावं लागतं. तेही एक वर्ष, आणि निधी असतो सहा महिन्यांचा.

जे आहेत ते काय सांगतात?

मलावीतल्या ब्लँटायरच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात दाखल झालेल्या १,०२४ सॅम मुलांचा एक वर्ष मागोवा घेतला गेला. वर्षअखेरपर्यंत ४२ टक्के मुलं दगावली होती. त्यातली बरीच उपचार चालू असताना नाही, तर त्यानंतरच्या महिन्यांत. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ही मुलं अत्यवस्थ होती म्हणूनच रुग्णालयात आली होती, आणि त्यांच्यात एचआयव्हीचं प्रमाण मोठं होतं. हा आकडा उचलून नायजरच्या गावाला लावता येणार नाही. पण कार्यक्रमाचा हिशेब सुट्टीपाशी थांबला असता तर नंतरचे मृत्यू कुठेच दिसले नसते, एवढं तर कळतं.

त्याच मुलांपैकी वाचलेल्यांना संशोधक सात वर्षांनी पुन्हा भेटले. २०१६ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. भावंडांच्या आणि शेजारच्या मुलांच्या तुलनेत ही मुलं बुटकी होती, हाताची पकड कमजोर होती, शाळेत मागे होती. भावंडांशी तुलना मला फार महत्त्वाची वाटते. घर तेच, गरिबी तीच, चूलही तीच. तरी फरक उरतोच.

मलावीतच मध्यम कुपोषणातून, म्हणजे ‘मॅम’मधून, बऱ्या झालेल्या मुलांचा वर्षभर पाठपुरावा झाला. वर्षभर चांगली टिकलेली मुलं ६३ टक्के. उरलेली पुन्हा घसरली, काही हाताशी लागली नाहीत, काही गेली. आणि सॅमनंतर दुखणं उलटण्याचं प्रमाण किती, यावरच्या जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा उत्तर आलं : ० ते ३७ टक्के. उत्तराचा हा पसारा बघा! एवढी तफावत येते कारण उलटणं कशाला म्हणायचं आणि ते किती महिन्यांपर्यंत मोजायचं, याची प्रत्येकाची व्याख्या वेगळी. यशाची व्याख्या जगभर एक, आणि उलटण्याची मात्र ज्याची त्याची. माझी मुख्य तक्रार या लेखनावर हीच आहे. शास्त्रीय साहित्यात एखाद्या गोष्टीची नीट व्याख्याही नसेल, तर समजावं की ती मोजायची कुणाला फारशी निकड वाटलेली नाही.

उलटतं का, हे समजायला फार डोकं चालवावं लागत नाही. पुन्हा नायजरला जाऊ. तिथलं मुख्य पीक म्हणजे आपलीच बाजरी. पावसाळ्यात नवं पीक शेतात उभं असतं आणि जुनं धान्य संपलेलं असतं. दरवर्षी याच महिन्यांत सॅम मुलांचे आकडे चढतात. २००५ मध्ये बाजारात धान्य होतं, पण भाव गरिबांच्या आवाक्याबाहेर गेले होते. आता मूल ऑगस्टमध्ये ‘बरं’ होऊन घरी गेलं. कुठल्या घरी? ज्या घरात कणगी रिकामी आहे, विहिरीचं पाणी गढूळ आहे, आणि आई पुन्हा गरोदर आहे त्या घरी. पाकिटाने मूल बदललं, घर जसंच्या तसं राहिलं.

आपल्याकडचं भांडण

हा वाद आपल्याला अनोळखी नाही. २००९ मध्ये युनिसेफने बिहार आणि मध्य प्रदेशात हे पाकीट वापरायला सुरुवात केली तेव्हा केंद्र सरकारने परवानगी नसल्याचं सांगून ते थांबवायला लावलं. २०१७ मध्ये महाराष्ट्रात आरयूटीएफ आणायची तयारी सुरू झाली आणि जोरदार वाद झाला. त्याच वर्षी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने राज्यांना कळवलं की याचा पुरेसा पुरावा नाही.

विरोध करणाऱ्यांचे मुद्दे हलके नव्हते. पोषण बाजाराच्या हातात जाईल, पाकिटाची सवय लागेल, घरच्या जेवणावरचा विश्वास उडेल, अंगणवाडीतलं गरम ताजं अन्न मागे पडेल. पेटंटचा मुद्दाही खरा होता. प्लम्पीनटचं पेटंट अनेक वर्षं कंपनीकडे होतं आणि त्यावरून जगभर टीका झाली. दुसऱ्या बाजूचे लोक म्हणत, मुलं मरताहेत आणि तुम्ही लाडू की पाकीट यावर वाद घालताय.

मला दोन्ही बाजूंबद्दल एकच म्हणायचंय. दोघंही एकच अभ्यास आपापल्या सोयीने अर्धा वाचत होते.

तो अभ्यास २०१६ मध्ये आला. दिल्ली, उदयपूर आणि वेल्लोर इथल्या ९०६ सॅम मुलांचे चिठ्ठी टाकल्यासारखे तीन गट केले. एकाला कंपनीचं आरयूटीएफ, दुसऱ्याला स्थानिक पातळीवर तयार केलेलं आरयूटीएफ, तिसऱ्याला घरी शिजवलेलं सकस अन्न. बरी झालेली मुलं : स्थानिक आरयूटीएफ ५६.९ टक्के, कंपनीचं ४७.५, घरचं अन्न ४२.८. पाकीटवाल्यांनी पहिला आकडा उचलला. विरोधकांनी म्हटलं, बघा, घरचं अन्न आणि कंपनीचं पाकीट यांत फार फरक नाही.

तिसऱ्या गटातलं ‘घरचं अन्न’ म्हणजे काय होतं हे दोघांनीही फारसं सांगितलं नाही. त्या घरांना तेल, दूध, साखर असा शिधा संशोधकांकडून मिळत होता, आणि कसं भरवायचं ते शिकवायला माणूस येत होतं. हे आपल्या पाड्यावरचं घरचं अन्न नाही. पाड्यावर घरचं अन्न म्हणजे जे घरात असेल ते. म्हणजे ‘घरचंच द्या’ असा सल्ला देऊन हात झटकता येणार नाहीत. ते घरचं अन्न द्यायलाही कुणीतरी पैसा आणि माणूस पुरवायला हवा.

आणि शेवटची गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. उपचार संपल्यावर त्या मुलांवर आणखी चार महिने लक्ष ठेवलं गेलं. त्या काळात मुलं नेहमीच्या अंगणवाडीच्या व्यवस्थेत होती. तिन्ही गटांनी कमावलेलं बरंचसं विरून गेलं आणि गटागटातला फरकही फारसा उरला नाही. एवढी वर्षं ज्या ‘पाकीट की पातेलं’ प्रश्नावर आपण भांडलो, चार महिन्यांनंतर त्या मुलांच्या दृष्टीने त्याला फारसा अर्थच राहिला नाही.

मग पाकीट नकोच का?

इथे सावध राहायला हवं, कारण हाच युक्तिवाद उलटा फिरवता येतो. ‘एवढं करून मुलं पुन्हा आजारीच पडतात ना, मग पैसे कशाला घालवायचे?’ २०२५ मध्ये अमेरिकेने आपली मदतसंस्था यूएसएड मोडीत काढली तेव्हा तयार पाकिटांचे खोके कारखान्यांच्या गोदामांत अडकून पडले होते. अशा वेळी उलटण्याचे आकडे कुणाच्या हाताला लागतील याची मला भीतीच वाटते.

म्हणून स्पष्ट लिहिते. दुखणं उलटायला आधी मूल जिवंत असावं लागतं. ज्या मुलाला पाकीट मिळालं नाही ते उलटण्याच्या आकड्यात येत नाही, ते मरणाच्या आकड्यात जातं. पाकिटाकडून जे मागायला हवं, म्हणजे या महिन्यात हे मूल जगवणं, ते काम पाकीट चोख करतं. आपण त्याच्याकडून घर बदलण्याची अपेक्षा करतो आणि नाही झालं की पाकिटालाच दोष देतो. हे म्हणजे बुडणाऱ्याला दोर टाकून वर काढायचं, मग पुन्हा त्याच निसरड्या काठावर उभं करायचं, आणि तो परत पडला की म्हणायचं, दोर कुचकामी.

काठ कोरडा करता येतो का? येतो, आणि त्याचाही पुरावा आहे. काँगो लोकशाही प्रजासत्ताकात एक प्रयोग झाला. सगळ्या सॅम मुलांना नेहमीचाच उपचार मिळाला. फक्त काही केंद्रांमधल्या कुटुंबांना सोबत दरमहा ४० डॉलर रोख, सहा महिने, कुठल्याही अटीशिवाय. रोख मिळालेल्या घरांमधली मुलं जास्त प्रमाणात बरी झाली आणि मुख्य म्हणजे पुन्हा घसरण्याचं प्रमाण बरंच कमी राहिलं. पाकीट तेच होतं. फरक होता तो मूल ज्या घरी परतलं त्या घरात.

आता विचार करा, हा प्रयोग अपवादानेच का झाला? कारण नेहमीच्या कार्यक्रमाच्या वहीत ‘सहा महिन्यांनंतर’ असा रकानाच नाही. जे मोजलं जात नाही त्यासाठी पैसे मागायला गेलं की विचारतात, याने बरे होण्याची टक्केवारी किती वाढेल? ती आधीच ७५ च्या वर आहे. विषय संपला.

तेव्हा तुमच्यापुरतं एवढंच करा. कुठल्याही मदतकार्याचा अहवाल, बातमी किंवा देणगीचं पत्रक हातात आलं आणि त्यात ‘अमुक हजार मुलं बरी झाली’ असं दिसलं, की तीन प्रश्न विचारा. किती मुलांपैकी? जी आलीच नाहीत ती धरून की सोडून? आणि सहा महिन्यांनी त्यातली किती बरी होती? पहिल्याचं उत्तर बहुतेक मिळेल. दुसऱ्याचं कधीतरी. तिसऱ्याचं उत्तर मिळालं, तर त्या संस्थेला जरूर मदत करा, आकडा वाईट असला तरी. किंबहुना आकडा वाईट असला आणि तरी त्यांनी छापला, तर जास्तच करा.

माझं म्हणाल तर पीएच.डी.च्या तक्त्यात मी आता एक जास्तीचा रकाना ठेवलाय : ‘याआधी आलं होतं का?’ तो भरायला अतोनात वेळ जातो. नावं वेगवेगळी लिहिलेली असतात, वयं जुळत नाहीत, कधी वडिलांचं नाव असतं तर कधी नुसतं घराणं. एक-एक वही तीन-तीनदा चाळावी लागते. यावेळी तेच मूल पुन्हा सापडलं, तर दोन्ही ओळी ठेवणार आहे.